सुया, वाकळ आणि बायकांच्या गोष्टी

तर मंडळी, विषय वाचूनच मुलांच्या हॉस्टेलमधले निम्मे वाचक पान उलटणार, याची मला पूर्ण कल्पना आहे. उलटा खुशाल! पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या अंगातला टी-शर्ट ओढला की ताणला जातो आणि सोडला की परत जागेवर येतो. व्हायव्हाला घालायचा फॉर्मल शर्ट मात्र तसा ताणला जात नाही. धागा दोन्हीकडे कापसाचाच असू शकतो. मग हा फरक येतो कुठून?

उत्तर पुढे येईलच. पण ते उत्तर शोधताना मला एका वेगळ्याच विषयाचा नाद लागला. तो म्हणजे बायकांनी एकत्र बसून विणण्या-शिवण्याच्या गोष्टी. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांचा एक अख्खा प्रकार आहे. छोटं गाव किंवा एखादी गल्ली, तिथे लोकरीचं दुकान किंवा कुणाची तरी बैठकीची खोली, चार-सहा बायका, हातात सुया आणि प्रत्येकीच्या मनात काहीतरी सलतंय. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे ही पुस्तकं मला आधी भेटली आणि मराठी वाचन त्यानंतर सुरू झालं. मग साहजिकच मनात आलं, की आपल्याकडे असं काही आहे का? या लेखात तेच शोधायचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी आधी विलायतेला जाऊ, मग नृसिंहवाडीला, आणि तिथून कृष्णेच्या काठाकाठाने किर्लोस्करवाडीला.

या गोष्टी असतात तरी कशा?

या प्रकाराची पणजी म्हणता येईल अशी कादंबरी म्हणजे एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘क्रॅनफर्ड’. १८५१ ते १८५३ या काळात ती चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात तुकड्या-तुकड्यांनी छापून आली. क्रॅनफर्ड हे एक छोटं गाव आहे. तिथे सगळा कारभार बायकांचा, त्यातही प्रौढ अविवाहित आणि विधवा बायकांचा. पैसे कुणाकडेच फारसे नाहीत, पण ते बोलून दाखवायचं नाही असा अलिखित नियम. त्यातल्या मिस मॅटी नावाच्या बाईंचे पैसे ज्या बँकेत असतात ती बँक एक दिवस बुडते. गंमत म्हणजे त्याच सुमारास दुकानात एका शेतकऱ्याची त्या बँकेची नोट कुणी घेत नाही, तर या बाई स्वतःच्या पर्समधली नाणी काढून त्याला देतात! कारण काय, तर आपण त्या बँकेच्या भागधारक, म्हणजे जबाबदारी आपलीच.

पुढे मैत्रिणी काय करतात बघा. प्रत्येक जण आपल्याला दरवर्षी किती देणं झेपेल ते चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठी बंद करून देते. कुणी किती दिले हे एकमेकींना कळू द्यायचं नाही, आणि मिस मॅटीला तर मुळीच नाही. मैत्री म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत, वेळ आली की ती अशी हिशेबातही उतरते, हे या पुस्तकाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

आता अलीकडचं उदाहरण. डेबी मॅकोम्बर यांची ‘द शॉप ऑन ब्लॉसम स्ट्रीट’ ही कादंबरी २००४ मध्ये आली. सिएटल शहरात लिडिया नावाची तरुणी लोकरीचं दुकान काढते. तिला दोनदा कॅन्सर होऊन गेलेला आहे. दुकान चालावं म्हणून ती बाळाचं पांघरूण विणायचा क्लास सुरू करते. क्लासला तिघी येतात. एक श्रीमंत सासू, जिला होणाऱ्या नातवंडाची ओढ आहे पण सून पसंत नाही. दुसरी मूल व्हावं म्हणून उपचार घेऊन थकलेली. तिसरी कोर्टाने सांगितलेले समाजसेवेचे तास भरायला आलेली, जरा आडदांड पोरगी. एरवी या चौघी एका टेबलावर चहासुद्धा प्यायल्या नसत्या. पण सुया हातात आल्या आणि त्या रोज नाही, तरी आठवड्याला एकमेकींसमोर बसू लागल्या. बाकीची कादंबरी म्हणजे या बसण्याचा परिणाम.

तिसरं पुस्तक व्हिटनी ऑटो यांचं ‘हाऊ टू मेक ॲन अमेरिकन क्विल्ट’, १९९१ सालचं. यात रजई शिवणाऱ्या बायकांचं मंडळ आहे आणि प्रकरणांच्या मध्ये चक्क रजई शिवण्याच्या सूचना आहेत. आपल्या लॅब मॅन्युअलसारख्या! १९९५ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

तिन्ही पुस्तकांत मला चार गोष्टी समान दिसल्या. एक, जागा छोटी आणि ओळखीची. दोन, वेगवेगळ्या वयाच्या आणि परिस्थितीच्या बायका. तीन, एकीवर आलेलं संकट हळूहळू सगळ्यांचं होतं. आणि चार, सगळ्यांत महत्त्वाची, एकत्र बसायला एक निमित्त.

पण विणकामच का?

हा प्रश्न मी माझ्या रूममेटला विचारला. ती म्हणाली, “कारण त्यात बघावं लागत नाही ना.” मला हे एकदम पटलं. विणणाऱ्या बाईचे डोळे सुयांवर असतात, हात कामात असतात आणि तोंड रिकामं असतं. अवघड गोष्ट समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगणं कठीण असतं. खाली मान घालून, टाके मोजता मोजता ती सहज सांगता येते. शिवाय मध्येच गप्प बसलं तरी कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. टाके मोजतेय असं समजतात.

दुसरं कारण जरा कडू आहे. बाई रिकामी बसलेली आजही लोकांना बघवत नाही. नुसती गप्पा मारायला शेजारी गेली तर ‘हिला काही काम नाही वाटतं’ असं ऐकावं लागतं. हातात काम असलं की तीच बैठक शहाणपणाची ठरते. म्हणजे विणकाम हे एक प्रकारचं गेट पास आहे म्हणा ना!

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. मराठीत आपण ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे वापरतो, पण मागावरचं विणणं वेगळं आणि सुयांवरचं वेगळं. मागावर ताणा आणि बाणा असे दोन दिशांचे धागे एकमेकांना काटकोनात छेदतात. ते सरळ आणि ताठ असतात, म्हणून शर्टाचं कापड उभं-आडवं फारसं ताणलं जात नाही. इचलकरंजीच्या पॉवरलूमवर तयार होतं ते हे कापड. सुयांवर मात्र धाग्याचे फास असतात आणि प्रत्येक फास शेजारच्या फासात अडकलेला असतो. कापड ओढलं की धागा लांब होत नाही, फासांचा आकार बदलतो. सोडलं की ते परत मूळ आकाराकडे येतात. टी-शर्ट, बनियन, मोजे हे सगळं यंत्रावर केलेलं असंच विणकाम. ताकद धाग्यात असतेच, पण हा लवचिकपणा येतो तो एकमेकांत अडकण्यातून.

त्याचा तोटाही आहे. एक टाका सुटला की त्याच्याखालचा सुटतो, मग त्याच्याखालचा, आणि खालपर्यंत शिडीसारखी उभी रेघ उसवत जाते. म्हणून या कादंबऱ्यांत एक जण यायची बंद झाली की बाकीच्या तिच्या घरी जाऊन धडकतात. विणकाम येणाऱ्या बाईला सुटलेल्या टाक्याचं गांभीर्य कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आपली भाषाही हे ओळखून आहे. नात्याची ‘वीण’ घट्ट असते, संबंध ‘उसवतात’, मनात ‘गुंता’ होतो. हे शब्द आपण रोज वापरतो, त्यातलं कापड मात्र विसरतो.

वाडीची वाकळ

आता आपल्याकडे वळू. कोल्हापूर भागात थंडी ती कितीशी? लोकर म्हणजे बाळाचं टोपडं, मोजे आणि फार तर एखादा स्वेटर. तेव्हा लोकरीच्या दुकानाभोवती फिरणारी कादंबरी आपल्याकडे उगवली नाही यात नवल नाही. आपल्याकडची खरी सामुदायिक शिवण म्हणजे वाकळ. पुण्याकडचे लोक तिला गोधडी म्हणतात.

माझं आजोळ नृसिंहवाडीचं, शिरोळ तालुक्यातलं. बाहेरच्यांसाठी हे गाव म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. आमच्यासाठी नुसतं ‘वाडी’. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीच्या सोप्यावर दुपारी वाकळ पसरलेली असायची. आधी एक जुनं धुतलेलं लुगडं ताणून अंथरायचं. त्यावर जुन्या साड्या, धोतरं, फाटके कपडे यांचे थर. कुठे खड्डा राहू नये म्हणून चिंध्या भरायच्या. वर परत एक अख्खं लुगडं. मग चौघी चार कडांना बसून धावदोरा घालत आत आत सरकायच्या. कडेला बसलेल्या बायका शेवटी मध्यभागी जवळजवळ गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या असायच्या. आता विचार केल्यावर कळतं, की हे किती छान डिझाइन आहे! काम जसजसं पुढे सरकतं तसतशी माणसं जवळ येतात आणि आवाज खाली येतो. दुपारी चार वाजता गावच्या बातम्या, आणि पाचनंतर घरातल्या.

वाकळेची रचना मागावरच्या कापडाची नाही आणि सुयांवरच्याही कापडाची नाही. इथे प्रत्येक चिंधी स्वतः जीर्ण आहे. एकटीला ओढली तर फाटेल. पण जवळजवळ घातलेल्या दोऱ्याने थर सरकत नाहीत आणि ओढ सगळ्या थरांत वाटली जाते. थरांच्या मध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. मटेरियल्सच्या तासाला कंपोझिट शिकवतात तेव्हा मला हटकून आजीची वाकळ आठवते.

आणि वाडीत या वाकळेचा खरा कस लागतो तो पुरात. वाडीला पाणी नवीन नाही. पावसाळ्यात कृष्णा चढते, मंदिरात पाणी येतं, पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि लोक त्या पाण्यात स्नानाला गर्दी करतात. संकटाचासुद्धा सोहळा करणारं हे गाव. पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर हे सोहळ्याच्या पलीकडचे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये मी नववीत होते. आजीला जयसिंगपूरला नातेवाइकांकडे हलवलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे घर धुवायला गेलो. गाळ, वास, फुगलेली दारं... आणि ट्रंकेतल्या पाच वाकळा पाणी पिऊन दगडासारख्या झालेल्या.

मी एक उचलायला गेले तर जागची हलेना. आजी म्हणाली, “एकटीनं पिळून बघ की, हात गळ्यात येतील. जा, शेजारच्या काकींना हाक मार.” काकींच्या घरीही तीच अवस्था. पण त्या आल्या, त्यांची सून आली, पलीकडच्या मावशी आल्या. दोघींनी एक टोक धरायचं, दोघींनी दुसरं, आणि उलट्या दिशांना पीळ द्यायचा. आमच्या पाच झाल्या, मग काकींच्या चार, मग मावशींच्या. प्रत्येक गच्चीवर आणि कठड्यावर वाकळा वाळत होत्या. त्या दिवशी कुणी कुणाचं सांत्वन केल्याचं मला आठवत नाही. ‘कसं झालं हो’ वगैरे कुणी म्हणालं नाही. ‘अजून पीळ, अजून पीळ’ एवढंच.

‘क्रॅनफर्ड’मधल्या बंद चिठ्ठ्या वाचताना मला हा पीळ आठवला. आणि वाडीतली भिशीही. बारा जणींनी महिन्याला पाचशे रुपये काढायचे, दर महिन्याला एकीला सहा हजार. नियमाने चिठ्ठी टाकून नंबर लागतो. पण कुणाच्या घरी दुखणं निघालं की तिचा नंबर गुपचूप आधी लागतो, आणि ‘चिठ्ठीतच निघाला’ असं तिला सांगतात. गॅस्केलबाईंनी वाडी पाहिली नव्हती, पण त्यांना हे लगेच समजलं असतं.

मग आपल्या साहित्यात हे कुठे आहे?

पुस्तकांच्या आधी ओव्या होत्या. पहाटे जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या ओव्यांमध्ये माहेर, भाऊ, सासू यांच्याबरोबर शेजीण आणि मैत्रीणही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. म्हणजे हात जात्याच्या खुंट्याला आणि तोंडाने गोष्ट. तत्त्व तेच! आमच्याकडचा हादगा, मंगळागौर, झिम्मा हेही असेच एकत्र येण्याचे परवाने.

छापील गोष्टींसाठी मात्र वाडीहून कृष्णेच्या काठाने वर जायचं. सांगली, भिलवडी, औदुंबर, आणि जवळच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये इथल्या माळावर नांगराचा कारखाना उभा केला, हे आपल्याला इंजिनिअर म्हणून माहीत असतंच. पण याच कारखान्याच्या गावातून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये एक खबरपत्र सुरू केलं. त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. आणि १९३० मध्ये खास बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगराच्या फाळाशेजारी बायकांच्या कथा छापल्या जात होत्या! आपल्या कॉलेजच्या मासिकात मराठी विभाग कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

त्याच काळात, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. हे टोपणनाव होतं. त्या म्हणजे मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी लिहिलं आणि मोठी खळबळ उडाली. मला वाटतं ब्लॉसम स्ट्रीटचा गोडवा आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावं. ब्लॉसम स्ट्रीटवर दुःख सांगायला दुकान आहे, क्लास आहे, ठरलेला वार आहे. १९३३ च्या मराठी मुलीला अशी जागाच नाही, म्हणून तिचा निःश्वास होतो. निमित्त मिळालं की गोष्ट होते, नाही मिळालं की उसासा. मला या अभ्यासातून सापडलेली मुख्य गोष्ट ही.

आणि अशा जागा कुणीतरी मुद्दाम तयार कराव्या लागतात. ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये स्वतःचं मासिक काढलं, त्याचं नावच ‘मिळून साऱ्याजणी’. पडद्यावर २०२१ मध्ये ‘झिम्मा’ आणि २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला. पहिल्यात सहलीचं निमित्त, दुसऱ्यात सहा बहिणींना मंगळागौरीच्या स्पर्धेचं. बायका घोळक्या-घोळक्यांनी थिएटरात गेल्या, म्हणजे सिनेमा हेसुद्धा निमित्तच झालं.

थोडी उलट बाजू

टीका केल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही, असं आमचे सर म्हणतात. तर या गोष्टींत खोट काय? एक म्हणजे शेवट फार लवकर गोड होतो. खऱ्या गावात काही भांडणं वीस-वीस वर्षं चालतात. दुसरं, वर्तुळात कोण बसलंय हे या गोष्टी दाखवतात, पण कुणाला बोलावलंच नाही हे क्वचित सांगतात. आपल्याकडे हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवायचं नाही, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली. कुठल्या गल्लीतल्या बाईने कुणाच्या सोप्यावर बसायचं, हेही ठरलेलं असायचं. ऊब देणारी वाकळ कुणाच्या अंगावर आहे आणि कोण बाहेर कुडकुडतंय, हे वाचणाऱ्याने विचारलं पाहिजे. तेव्हा अशी कादंबरी हातात आली तर तीन प्रश्न विचारा: या बायकांना एकत्र बसायचं निमित्त कोणतं? संकट आल्यावर त्या नुसतं बोलतात की काही उचलतातही? आणि या वर्तुळाबाहेर कोण आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर पुस्तक चांगलं समजा, मग त्याला कुणी ‘बायकांचं’ म्हणून नाक मुरडो.

आपलं निमित्त काय?

आता वाडीतही वाकळा फारशा शिवल्या जात नाहीत. तयार ब्लँकेट स्वस्त मिळतं, वजनाला हलकं असतं, धुवायला सोपं असतं. एकटीला पिळता येतं! आजीच त्याचं कौतुक करते, आणि करूदे, तिचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत. वाकळ गेल्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. पण तिच्याबरोबर दुपारची ती बैठक गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, याचं वाटतं.

आपल्या हॉस्टेलमध्ये तरी दुसरं काय आहे? एका खोलीत तिघी, तिघींच्या कानात इअरफोन. बॅकलॉग लागलेली मुलगी दोन दिवस मेसला येत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एक टाका सुटलेला असतो आणि रेघ खालपर्यंत गेल्यावर आपण धावतो. “काही प्रॉब्लेम असेल तर सांग हं” असं नुसतं म्हणून कुणी काही सांगत नाही. हातात काहीतरी लागतं.

म्हणून आमच्या मजल्यावर आम्ही एक साधा प्रयोग सुरू केलाय. दर गुरुवारी जेवणानंतर कॉरिडॉरच्या टोकाला चटई टाकायची आणि ज्याचं त्याचं हातातलं काम घेऊन बसायचं. कुणी क्रोशाचा रुमाल करते, कुणी शर्टाचं बटण लावते, कुणी ड्रॉइंगची शीट पुरी करते, एक जण तर शेंगा सोलते. मोबाईल खोलीत. मी बाळाचं टोपडं विणायला घेतलंय, कुणाच्या बाळाचं ते अजून ठरायचंय! पहिल्या गुरुवारी चौघी होत्या, मागच्या गुरुवारी अकरा. त्यातल्या एकीचं नाव मला दीड वर्षात माहीत नव्हतं, आणि ती माझ्या समोरच्याच खोलीत राहते.

मुलांच्या हॉस्टेललाही आमची मनाई नाही, तुम्ही तुमची चटई टाका. सुया नसतील तर बटणं तरी नक्की तुटलेली असतील.